रुग्णवाहिकेतील ताण आणि कर्तव्य: नव्या सहकाऱ्यांसाठी काही सूचना

घोडबंदर रस्ता किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेत काम करणाऱ्यांना रक्त पाहून ताण येतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. रक्ताची सवय काही महिन्यांत होते. झोप उडवतो तो ‘मी तेव्हा नीट वागलो का’ हा प्रश्न. ताण हाताळणे आणि कर्तव्य पाळणे यांसाठी प्रशिक्षणात वेगवेगळे तास असले, तरी माझ्या अनुभवात हे दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत.

पाळी सुरू होताना ऑक्सिजन सिलिंडरचा काटा, घशातील स्राव ओढून काढणारे सक्शन यंत्र आणि हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरची बॅटरी स्वतः तपासावी. आधीच्या पाळीतील सहकाऱ्याने ‘सगळे ओके’ म्हटले, तरी तपासावी. गायमुखच्या कोंडीत, रुग्ण आत असताना सिलिंडर रिकामा निघाला, तर त्यानंतर मनाला लागणारी टोचणी कोणत्याही समुपदेशनाने सहजासहजी जात नाही.

घटनास्थळी उतरण्यापूर्वी चार मोजेपर्यंत श्वास आत घ्यावा, सहा मोजेपर्यंत सोडावा, आणि हे तीन वेळा करावे. श्वास सोडण्याचा काळ लांबवला की नाडीचा वेग उतरतो आणि हाताची थरथर कमी होते. मग आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी, कारण महामार्गावर आपणच जखमी झालो तर रुग्ण एकाने वाढतो आणि मदतनीस एकाने घटतो. जखमी अनेक असतील, तर मोठ्याने ओरडणाऱ्याकडे पाय आपोआप वळतात. मात्र ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, गप्प पडलेल्याचा असेलच असे नाही. मागे ठेवाव्या लागणाऱ्या माणसाला ‘मी परत येतो’ एवढे तरी सांगावे, आणि खरोखरच परत जावे.

संमतीचा विषय पुस्तकात एका ओळीत संपतो, रस्त्यावर संपत नाही. पावसाळ्यात माजिवड्याजवळ स्कूटरवरून पडलेल्या एका बाईंचे मनगट मोडले होते, सूज झपाट्याने चढत होती आणि हातभर हिरवा चुडा होता. मी घाईने कात्री उचलली, तेव्हा सोबतच्या सासूबाई माझा हात धरून ओरडल्या. चूक माझी होती, कारण मी रुग्णालाच विचारले नव्हते. मग मी बाईंच्या डोळ्यांकडे पाहत म्हणालो, “ताई, सूज वाढली की या बांगड्या रुततील आणि बोटांचा रक्तपुरवठा थांबेल. जेल लावून निघतील तेवढ्या काढतो, उरलेल्या वाढवाव्या लागतील. चालेल ना?” त्यांनी मान हलवली. पाच निघाल्या आणि दोन वाढवल्या. जादा वेळ लागला तो जेमतेम मिनिटभर. शुद्धीवर असलेल्या सज्ञान व्यक्तीची संमती तिच्याकडूनच घ्यायची असते, नातेवाइकांकडून नव्हे. अशा व्यक्तीने उपचार नाकारले, तर धोका तिला समजेल अशा भाषेत सांगावा, नकार लेखी घ्यावा, साक्षीदाराची सही घ्यावी आणि नियंत्रण कक्षाला कळवावे. रुग्ण बेशुद्ध असेल आणि संमती देणारे कोणी जवळ नसेल, तर त्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चे संरक्षण आहे. तिथे थांबून राहू नये.

जखमीला उचलून आणणारा रिक्षावाला पोलिसांच्या भीतीने काढता पाय घेताना दिसला, तर त्याला धीर द्यावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ स्वेच्छेने मदत करणाऱ्यांना संरक्षण देते आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टर किंवा परिचारिकेने रुग्णाचा ताबा घेईपर्यंत त्याला सोडू नये. एका खासगी रुग्णालयाच्या दारात ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असे मला ऐकावे लागले आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे की पोलिसी सोपस्कारांसाठी तातडीचा उपचार अडवता येत नाही. अशा वेळी आवाज चढवू नये. वेळ, बोलणाऱ्याचे पद आणि त्याचे शब्द रुग्णनोंदीत लिहावेत. दागिने, पाकीट, मोबाइल साक्षीदारासमोर मोजून द्यावेत आणि सही घ्यावी. छायाचित्रे काढूच नयेत. सहकाऱ्यांच्या गटात ‘फक्त आपल्यातच’ म्हणून टाकलेले छायाचित्र संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या फोनवर पोहोचते.

केस संपल्यावर लगेच पुढच्या कॉलला निघावे लागते, हे खरे. तरी स्ट्रेचर पुसताना पायलट (म्हणजे रुग्णवाहिकेचा चालक) आणि सहकारी यांनी काय घडले ते दोन वाक्यांत एकमेकांना सांगावे. बोलायला कोणालाही भाग पाडू नये: घटनेचा तपशील जबरदस्तीने उकरून काढल्याने फायदा होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे आहे. ज्याला बोलायचे नाही, त्याच्या हातात चहा द्यावा आणि जवळ बसावे. पहिले काही दिवस तेच दृश्य डोळ्यांसमोर येणे, भूक मंदावणे, चिडचिड होणे हे स्वाभाविक असते. हे महिन्याहून अधिक टिकले, किंवा दारू हेच झोपेचे औषध होऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येते. पाळीप्रमुखाकडे एखाद्याने हे सांगितले, तर त्याची पाळी बदलावी. कारण मात्र फलकावर लावलेल्या तक्त्यात लिहू नये, तिथे केवळ ‘रजा’ एवढेच असावे.