'पोएमा' रोसासारखा चालत नाही

लॅटिन शिकायला लागलो तेव्हा शेवटी 'आ' दिसला की मी डोळे मिटून शब्द 'रोसा'सारखा (गुलाब, आ-कारान्त शब्दांचा नेहमीचा नमुना) चालवायचो. 'पोएमा' म्हणजे कविता. त्याची द्वितीया मी 'पोएमाम' केली आणि वहीत लाल रेघ आली. शब्द नपुंसकलिंगी, त्यामुळे द्वितीयाही 'पोएमा'च.

म्हणून आधी कोशात प्रथमेशेजारी छापलेली षष्ठी बघा: पोएमा, पोएमातिस. हा 'त' आला कुठून? शब्द मुळात ग्रीक, 'पोइएइन' म्हणजे करणे, घडवणे. पोइएमा म्हणजे घडवलेली गोष्ट. ग्रीकमध्येही षष्ठीत 'पोइएमातोस' होतंच. संस्कृत शिकलेल्यांना याचं नवल वाटू नये: 'कर्म' आणि 'कर्मणः' आठवा, प्रथमेत लपलेला 'न' षष्ठीत बाहेर येतो. संस्कृत '-मन्', लॅटिन '-मेन' (नोमेन, नोमिनिस) आणि ग्रीक '-मा' ही एकाच प्रत्ययाची भावंडं. मला हे कळलं त्या दिवशी घोकंपट्टी संपली.

आता चालवा: चतुर्थी पोएमाती, पंचमी पोएमाते, अनेकवचनात प्रथमा-द्वितीया पोएमाता, षष्ठी पोएमातुम. दोग्मा (मत), दियादेमा (मुकुट) असेच.

'पोएता' (कवी) मात्र यांच्यात घालू नका. तो 'पोइएतेस'वरून आलेला, रोसासारखाच चालतो, पण पुल्लिंगी: पोएता बोनुस (चांगला कवी), पोएमा बोनुम (चांगली कविता).

उच्चारताना 'पो-ए-मा' असे तीन तुकडे पाडा, जोर दीर्घ 'ए'वर. लिहिताना 'ओ'पुढे 'ए' येतो म्हणून 'पोएना' (शिक्षा) या शब्दासारखा जोडस्वर करायचा मोह होतो. तिथे तो बरोबर, इथे चूक.

खरी गंमत अनेकवचनाच्या चतुर्थी-पंचमीत. नियमाने 'पोएमातिबुस' व्हायला हवं, पण रोमन लेखक सिसेरो 'इन पोएमातिस, इन पिक्तुरिस' लिहितो, म्हणजे कवितांमध्ये, चित्रांमध्ये. शेवट शेजारच्या शब्दासारखाच! मग हे रूप एकवचनी षष्ठीचं की अनेकवचनाचं, हे कसं ओळखायचं? शब्दाआधी 'इन' असेल तर अनेकवचन. 'तितुलुस पोएमातिस' असेल तर एका कवितेचं शीर्षक.

आणि 'पोएमाम'ची लाज बाळगू नका. रोमन नाटककार प्लाउतुसच्या नाटकात 'कुम सेर्विली स्केमा', गुलामाच्या वेशात, असं येतं. काटेकोर नियमाने तिथे 'स्केमाते' हवं होतं. त्यानेही रोसासारखंच चालवलंय.