ऑन्टॅरिओत फोर्ड परत जिंकले, आता काय करायचं (आणि काय नाही करायचं)

27 फेब्रुवारी 2025 ला रात्री नऊला कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या निवडणुकीचं मतदान संपलं आणि काही मिनिटांतच टीव्हीवाल्यांनी प्रीमियर (म्हणजे इथले मुख्यमंत्री) डग फोर्डच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं बहुमत जाहीर पण करून टाकलं. सलग तिसऱ्यांदा. 124 पैकी 80 जागा. आपल्यातल्या ज्यांनी एनडीपीला (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, डावीकडचा पक्ष), लिबरलला किंवा ग्रीनला मत दिलं त्यांचे त्या रात्रीचे मेसेज साधारण एकाच सुरातले होते, लोकांना अक्कल नाही, या प्रांताचं काही खरं नाही, चला व्हँकुव्हरला. राग येणं साहजिक आहे हो, पण त्या रागाचं काहीतरी कामाचं करायचं असेल तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी, पहिले दोन दिवस ग्रूपवर काही टाकू नका. खरंच. मंडळाच्या ग्रूपवर निदान चार-पाच जण असे असतात ज्यांनी फोर्डला मत दिलंय आणि ते गप्प आहेत, तुम्ही "मूर्ख" लिहिलंत की ते कायमचे गप्प होतात, आणि पुढच्या वेळी तुम्हाला त्यांच्याशीच बोलायचंय.

मग आकडे बघा. इथे कागदी मतपत्रिका आहे, त्यामुळे ईव्हीएमवर ढकलायची सोय नाही :) कन्झर्व्हेटिव्हांना साधारण 43 टक्के मतं, लिबरलना 30 च्या आसपास, एनडीपीला साडेअठरा. पण जागा? लिबरल 14 आणि एनडीपी 27! म्हणजे ज्यांना मतं कितीतरी जास्त त्यांना जागा निम्म्या, कारण एनडीपीची मतं ठराविक रायडिंगमध्ये (मतदारसंघांत) एकगठ्ठा आहेत आणि लिबरलची सगळीकडे पसरलेली, सगळीकडे दुसरा नंबर. लिबरलच्या तेव्हाच्या नेत्या बॉनी क्रॉम्बी तर मिसिसागात स्वतः उभ्या होत्या ती सीटसुद्धा हरल्या. आपल्याकडे मतविभागणी म्हणतात तेच, पण इथे एक गडबड होते, लोक लिबरल अधिक एनडीपी अशी बेरीज करून "आपण जिंकलोच होतो" म्हणत बसतात. ती बेरीज प्रत्यक्षात कधीच पूर्ण उतरत नाही, कित्येक लिबरल मतदारांची दुसरी पसंती फोर्डच असते.

तसंच मतदान फक्त 45 टक्क्यांच्या आसपास झालं, म्हणजे नोंदलेल्या दर पाच मतदारांमागे जेमतेम एकाने फोर्डला मत दिलं. हे वाक्य ऐकायला फार गोड आहे. पण घरी बसलेले बाकीचे आपलेच होते असं धरून चालू नका, ते कोणाचेच नव्हते.

इलेक्शन्स ऑन्टॅरिओच्या साइटवर मतदान केंद्रानुसार निकाल असतात. आपली रायडिंग काढा, आपल्या गल्लीचं केंद्र काढा आणि 2018 पासूनचे आकडे शेजारी ठेवा. ब्रॅम्प्टनवाल्यांनी तर करावंच, 2018 ला तिथे पाचपैकी तीन जागा एनडीपीच्या होत्या आणि 2022 ला पाचही कन्झर्व्हेटिव्ह झाल्या. चार वर्षांत माणसं बदलली नाहीत, मग काय बदललं?

हे कळायला फोर्डला मत दिलेल्या एका ओळखीच्या माणसाशी बोला. विचारा, ऐका आणि मध्ये तोंड घालू नका (हे सगळ्यात अवघड आहे). बहुतेक उत्तरं विचारसरणीची नसतात. गाडीच्या नंबर प्लेटवरच्या स्टिकरचे पैसे 2022 ला बंद केले, पेट्रोलवरचा कर कमी केला, 413 हा नवा हायवे झाला तर कामाला जायचा वेळ वाचेल, निवडणुकीच्या तोंडावर घरी 200 डॉलरचा चेक आला, आणि ट्रम्पच्या टॅरिफच्या भानगडीत कोणीतरी खमक्या हवा. "फोर्ड म्हणजे इथला ट्रम्प" हे तर अजिबात बोलू नका, तो माणूस जानेवारीत "कॅनडा विकाऊ नाही" लिहिलेली टोपी घालून फिरत होता, तिथेच तुमचा मुद्दा संपतो.

आता खरं काम. बहुमत आहे म्हणजे चार वर्षं काहीच हलणार नाही हा समज आधी काढून टाका. नोव्हेंबर 2022 मध्ये याच सरकारने शाळांमधल्या 55,000 कर्मचाऱ्यांवर, म्हणजे सफाईवाले, क्लार्क, वर्गातले मदतनीस यांच्यावर कायद्याने कॉन्ट्रॅक्ट लादलं, संपावर बंदी घातली आणि कोर्टात जाता येऊ नये म्हणून राज्यघटनेतलं नॉटविथस्टँडिंग कलम लावलं. लोक तरीही रस्त्यावर आले, फोर्डला आधी पाठिंबा देणाऱ्या युनियनसुद्धा विरोधात उभ्या राहिल्या, आणि काही दिवसांत कायदा मागे. ग्रीनबेल्टचं (बांधकामाला बंदी असलेला हिरवा पट्टा) पण तसंच, त्यातली 7,400 एकर जमीन बिल्डरांना मोकळी केली, ऑडिटर जनरलचा रिपोर्ट आला, 2023 च्या सप्टेंबरमध्ये गृहनिर्माण मंत्री गेले आणि फोर्डने माफी मागून निर्णय फिरवला. दोन्ही वेळा नुसते डावीकडचे ओरडत नव्हते, फोर्डचे स्वतःचे मतदार चिडले होते. हे नीट लक्षात ठेवा, कारण मुद्दा निवडताना हाच निकष लावायचाय.

म्हणून एकच मुद्दा घ्या, असा की शेजारचा फोर्डवाला पण मान हलवेल. फॅमिली डॉक्टर मिळत नाही, इमर्जन्सीत तासन्तास बसावं लागतं, शाळेच्या वर्गात गर्दी. मग आपल्या एमपीपीच्या (प्रांताच्या आमदाराच्या) ऑफिसला फोन करा, तो कन्झर्व्हेटिव्ह असला तरी, किंबहुना असला तर जास्तच. पोस्टल कोड सांगा, एक प्रॉब्लेम सांगा, एक मागणी सांगा आणि उत्तर लेखी मागा. दहा विषयांचा निबंध पाठवला तर ऑफिसातलं पोरगं ठराविक उत्तर चिकटवून मोकळं होतं. पिटिशन काढायची तर कागदावर पेनने सह्या घ्या, एमपीपी ती सभागृहात मांडू शकतो, ऑनलाइन क्लिकची मजा वेगळी आणि वजन वेगळं.

पीआरवाल्यांसाठी (म्हणजे परमनंट रेसिडेंट, अजून नागरिक न झालेले): मत देता येत नाही पण दारोदार फिरता येतं, फोन करता येतात आणि ऑन्टॅरिओत राहत असाल तर पक्षाला देणगीही देता येते, पहिल्या काही शे डॉलरवर 75 टक्के टॅक्स क्रेडिट मिळतं, तेव्हा पावती जपून ठेवा. आणि "एका मताने काय होतं" असं कोणी म्हणालं तर ऑक्टोबर 2024 ची ब्रिटिश कोलंबिया प्रांताची निवडणूक सांगा, एनडीपीचं अख्खं बहुमत सरी-गिल्डफर्ड या एका रायडिंगमधल्या 22 मतांवर टिकलं.

पुढची परीक्षा 26 ऑक्टोबर 2026 ला, सिटीच्या निवडणुका. मतपत्रिकेवर पक्ष नसतो, मतदान तर प्रांतापेक्षाही कमी होतं, त्यामुळे पन्नास-साठ घरं मनापासून फिरलात तरी एखाद्या वॉर्डात फरक दिसतो. मतदार यादीत नाव आणि पत्ता बरोबर आहे का ते आत्ताच बघून घ्या, घर बदललं असेल तर हमखास जुनाच पत्ता असतो.