टिपरेरी शिकताना हिशेब शार्ट्रूजपासून धरा

आयरिश व्हिस्की, गोड लाल व्हर्मूथ (वनस्पती घातलेली वाइन) आणि ग्रीन शार्ट्रूज (कडक, गोड, हिरवी फ्रेंच वनस्पती-लिकर). टिपरेरी या कॉकटेलमध्ये एवढ्याच तीन बाटल्या, वर बिटर्सचे (कडू वनस्पती-अर्काचे) दोन डॅश, म्हणजे बाटलीचे दोन झटके. मॅनहॅटन (व्हिस्की, व्हर्मूथ आणि बिटर्सचं कॉकटेल) हातात बसली की हेही आपोआप जमेल, असं बारवर नव्याने उभं राहणाऱ्याला वाटतं. पण मॅनहॅटनमध्ये घरचा कारभार व्हिस्कीकडे असतो. इथे व्हिस्की नावालाच मोठी, कारभार सगळा 15 मिलि शार्ट्रूजच्या हाती.

आयर्लंडमधल्या काउंटीचं नाव मिरवणारं हे कॉकटेल न्यूयॉर्कमध्ये ह्यूगो एन्सलिन यांनी 1910च्या दशकात छापलं, तेव्हा तिन्ही घटक समसमान होते. ते प्रमाण आज करून बघा, म्हणजे बाकीचा धडा कळेल. 30-30-30 घेतलं तर व्हिस्कीतून (40 टक्के) 12 मिलि, व्हर्मूथमधून (साधारण 16 टक्के) जेमतेम 5 आणि शार्ट्रूजमधून (55 टक्के) साडेसोळा मिलि अल्कोहोल येतं. बर्फाआधीच मिश्रण 37 टक्क्यांवर. आता 45 व्हिस्की, 30 व्हर्मूथ, 15 शार्ट्रूज घ्या: साडेचौतीस टक्के. म्हणजे व्हिस्की वाढवली आणि ड्रिंक सौम्य झालं! ‘कडक लागतंय, व्हिस्की कमी कर’ हा नेहमीचा उपाय इथे उलटा पडतो तो यामुळे.

सुरुवातीला 45-30-15 हेच प्रमाण पाठ करा आणि अँगोस्टुरा बिटर्स दोन डॅश. ग्लास आधी फ्रीझरमध्ये टाका. मिक्सिंग ग्लासमध्ये आधी बिटर्स, मग व्हर्मूथ, मग व्हिस्की, शार्ट्रूज सगळ्यात शेवटी. मधेच चूक झाली तर फेकावं लागणारं स्वस्तातलं असावं, एवढाच त्यामागचा विचार. बर्फ त्यानंतर. शार्ट्रूजसाठी जिगर (मापाचं छोटं भांडं) सरळ धरून काठाला नीट भिडेपर्यंत भरा. नजरेने ओतलेले 15 मिलि बघता बघता 20 होतात, आणि ते 5 मिलि तोंडात पुदिन्याच्या औषधी गोळीसारखे उतरतात. चव बिघडली की नवखे बिटर्सवर संशय घेतात. नव्वद टक्के वेळा दोष जिगरचा असतो.

डॅशबद्दलही एक गोष्ट. नव्याकोऱ्या भरलेल्या बाटलीतून डॅश लहान पडतो, अर्धी रिकामी झालेलीतून मोठा. बाटली बदलली की हात तोच ठेवून चव वेगळी येते, ती इथून.

बर्फ मोठा, कोरडा, फ्रीझरमधून नुकता काढलेला. मिक्सिंग ग्लास दोन तृतीयांश भरून चमचा काचेला टेकवून 25 ते 30 सेकंद फिरवा. ढवळायचं नाही, बर्फाचा अख्खा गठ्ठा गोल फिरला पाहिजे. आवाज खडखड आला तर हात चुकतोय. या वेळात 90 मिलिमध्ये साधारण 20 मिलि पाणी मिसळावं. ओलसर, वितळू लागलेला बर्फ असेल तर तेवढं पाणी पंधरा सेकंदांतच येतं आणि ड्रिंक पुरतं गारही झालेलं नसतं. त्यामुळे घड्याळाबरोबरच स्ट्रॉने थेंबभर चाखत राहा. शेक करू नका. यात रस नाही, अंडं नाही; शेकरमधून हवेचे बुडबुडे आणि बर्फाचे तुकडे मिळतील, मखमली पोत जाईल.

संत्र्याची साल ग्लासवर पिळा. रंग तांबूस तपकिरी येतो. ‘हिरवं कुठाय?’ हा प्रश्न ग्राहक हमखास विचारतो, उत्तर तयार ठेवा: लाल व्हर्मूथने ते गिळलं.

व्हिस्की निवडताना अंगाने भरीव घ्या. मोड आणलेली आणि मोड न आणलेली बार्ली एकत्र घेऊन तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये काढलेली सिंगल पॉट स्टिल, म्हणजे रेडब्रेस्ट किंवा ग्रीन स्पॉटसारखी, शार्ट्रूजसमोर टिकते. हलकी ब्लेंड असेल तर 60-30-15 करा, नाहीतर व्हिस्की शोधावी लागते. धुरकट चवीची कॉनेमारा व्हिस्की टाळा. धूर आणि वनस्पती एकमेकांचा गळा धरतात.

व्हर्मूथची बाटली उघडली की ती फ्रीजमध्ये जाते, आणि महिन्याभरात संपते. ती वाइनच आहे, हे विसरलेल्या बारमध्ये टिपरेरीला आंबूस मनुक्यांची चव येते.

शार्ट्रूज नेहमी मिळेलच असं नाही. ती बनवणारे कार्थुशियन मठवासी उत्पादन मर्यादित ठेवतात. बदल करायची वेळ आली तर एका खेपेला एकच बाटली बदला आणि मापं तिच्याप्रमाणे जुळवा. यलो शार्ट्रूज अधिक सौम्य, मधाळ: 20 मिलि घ्या आणि व्हर्मूथ 25वर आणा. बेनेडिक्टिन ही वनस्पती-लिकर 40 टक्के आणि बरीच गोड, 10 मिलिपासून सुरू करून बिटर्सचा एक डॅश वाढवा. स्ट्रेगा ही इटालियन लिकर घेतली तर केशर-बडीशेपेची दिशा पकडते, संत्र्याऐवजी लिंबाची साल बरी. लिंबूरस घालायचा मोह झाला तर तो घालाच, पण मग कॉकटेलचं कूळच बदलतं: 45 व्हिस्की, 15 ग्रीन शार्ट्रूज, 20 लिंबूरस, 10 साखरेचा पाक, व्हर्मूथ बाद, आणि आता शेक. तुलनेसाठी अर्ध्या मापाचं करून बघत असाल तर बर्फही अर्धा घ्या आणि लवकर थांबा. छोट्या मापाला पाणी झपाट्याने लागतं.

गर्दीच्या रात्रीसाठी दहा ड्रिंकं एकत्र भरायची असतील तर 450 व्हिस्की, 300 व्हर्मूथ, 150 शार्ट्रूज आणि 200 मिलि पाणी. बिटर्सचे वीस डॅश एकदम घालू नका, मोठ्या मापात ते पुढे येतात. बारा घालून चाखा. बाटली फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. पाणी मिसळून ती साधारण 28 टक्क्यांवर आलेली असते, रात्रभर राहिली तर ओतताना चिखलासारखा गोळा निघू शकतो.