वारीला निघण्याआधी: फोन आणि बॅटरीची तयारी

माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. या वाटेवर फोन पावसात भिजतो, उघडीप मिळाली की उन्हात तापतो आणि रात्री मुक्कामी कुणाच्या तरी बोर्डावर लटकतो. त्याच्याकडून आपल्याला हवं असतं ते फार थोडं: रात्री घरी एक फोन, चुकामूक झाली तर दिंडीतल्या कुणाला तरी एक, आणि अगदीच वेळ आली तर ११२. म्हणून चार्जिंग जास्त कुठे मिळेल याची चिंता सोडून चार्जिंग कमी कसं लागेल, याचीच तयारी करावी.

पंधरा दिवस आधी बॅटरी तपासा. फोनचं कव्हर काढून तो सपाट टेबलावर ठेवा. पाठ उचलल्यासारखी दिसली, स्क्रीनच्या कडेला फट पडली असेल किंवा आधी सपाट बसणारा फोन आता डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. आत वायू साठल्याशिवाय ती फुगत नाही. असा फोन चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या. बॅटरी बदलायची तर निघायच्या आदल्या दिवशी बदलू नका. नवी बॅटरी आठवडाभर घरीच वापरून बघा, तापते का ते कळेल.

आपल्या बऱ्याच वडीलधाऱ्या वारकऱ्यांकडे बटणांचा फोन असतो आणि त्याची बॅटरी सुटी निघते. तिच्याकडे दुप्पट लक्ष द्या. अशा फोनांत सर्रास दिसणारी बीएल-५सी बॅटरी चार्जिंग करताना आतल्या आत शॉर्ट होऊन तापू शकते, म्हणून नोकियाने २००७ साली एका पुरवठादाराने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली होती. नामांकित कंपनीच्या मालात हे घडू शकतं, तर बिननावाच्या स्वस्त बॅटरीवर विसंबू नका. जास्तीची बॅटरी बरोबर घेतलीत तर ती बटव्यात सुट्या नाण्यांबरोबर टाकू नका. नाणं किंवा किल्ली तिच्या टोकांना टेकली की तिथेच शॉर्ट होतो. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि बॅटरी वेगळ्या डबीत ठेवा.

पॉवर बँक १०,००० एमएएचची (वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप) पुरते. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टने बाहेर देताना आणि थोडी वीज वाया जाताना हातात साधारण सहा हजार येतात, म्हणजे ५,००० च्या बॅटरीचा फोन एकदा नीट भरेल. विकत घेताना मागे बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. केबल दुमडून तार उघडी पडली असेल तर ती घरीच ठेवा.

एका कागदावर घरचे दोन नंबर, दिंडीप्रमुखांचा नंबर आणि दिंडी रथापुढची की रथामागची, कितवी, हे लिहून खिशात ठेवा. फोन बंद पडला तरी माणूस हरवायला नको. *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घरच्या वहीत उतरवा. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करायला हाच क्रमांक लागतो. पैशांचं ॲप असेल तर बँकेला आधी कळवा, आणि खात्यातून पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर.

चालताना मोबाइल डेटा बंद, स्क्रीन मंद. गर्दीत किंवा घाटात रेंज शोधता शोधताच बॅटरी उतरते, तेव्हा फोन विमान मोडवर टाका. रिंगणाच्या वेळी कॉल लागत नसला तरी एसएमएस बरेचदा जातो. पिशवीत गुंडाळलेल्या फोनवर व्हिडिओ काढत राहू नका, उष्णता बाहेर पडत नाही. गाडीच्या काचेमागे उन्हातही ठेवू नका.

आता मुक्काम. माझी सगळ्यात मोठी काळजी इथेच आहे. तंबूत एकच एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर दुसरा बोर्ड, खाली ओली जमीन, आणि अंथरुणांवर एकमेकांवर रचलेले फोन. दिंडीप्रमुखांशी निघण्याआधीच बोला. बोर्ड जमिनीपासून उंच, पाणी गळणार नाही अशा जागी बांधावा, गॅस सिलिंडर आणि जनरेटरच्या डिझेलपासून लांब. फोन लाकडी फळीवर एकेक सुटे ठेवावेत, उशीखाली किंवा घोंगडीत कधीच नाही. चार्जिंग जेवणाच्या वेळात, कुणीतरी जागं असताना. ८० टक्के झाले की काढा. दुसऱ्या दिवसाला तेवढं पुष्कळ होतं, आणि पूर्ण भरून गरम राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर काहीही लावू नका. फोनमधून सूं आवाज आला किंवा धूर निघाला तर हातात उचलू नका. वीज बंद करा, माणसं तंबूबाहेर काढा, धूर नाकात जाऊ देऊ नका. वीज तुटल्याची खात्री झाली की लांबून भरपूर पाणी ओता. चादर टाकून झाकलं तर आतली उष्णता जात नाही, पाण्याने जाते.

भिजलेला फोन बंद करून पुसा, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचं तोंड खाली करून वाऱ्यावर ठेवा. तांदळात पुरू नका, चुलीजवळ धरू नका. तोंड पूर्ण सुकेपर्यंत, निदान रात्रभर, चार्जर लावायचा नाही.

घरच्यांना निघतानाच वेळ सांगून ठेवा: रात्री आठ ते नऊ फोन चालू, बाकी वेळ बंद. एखाद्या रात्री तुमचा फोन आला नाही तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दिंडीप्रमुखांना लावावा. तो नंबर घरी भिंतीवर चिकटवूनच निघा.