कामाचा ताण इंग्रजीत सांगताना: मराठी माध्यमातून आलेल्या नव्या मंडळींसाठी

हिंजवडीतल्या ऑफिसांत नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींच्या तोंडी दोन शब्द सतत असतात, ‘बिझी’ आणि ‘टेन्शन’. मराठीत बोलताना तेवढ्यावर भागतं, कारण उरलेलं समोरचा आपल्या आवाजावरून आणि चेहऱ्यावरून ओळखतो. लंडनच्या क्लायंटशी फोनवर बोलताना तसं होत नाही. ‘आय ॲम बिझी, देअर इज टेन्शन’ एवढंच ऐकलं की त्याला प्रश्न पडतो: काम जास्त झालंय, वेळ कमी पडतोय, तब्येत बरी नाही, की टीममध्ये भांडण झालंय? हा शेवटचा अंदाज खरोखर बांधला जाऊ शकतो, कारण ब्रिटिश इंग्रजीत ‘टेन्शन’ हा शब्द बऱ्याचदा दोन माणसांमधल्या किंवा दोन गटांमधल्या तणावासाठी येतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकले, इंजिनिअरिंग पुण्यात केलं आणि तेव्हापासून सपोर्टच्या कामात आहे. ब्रिटिश क्लायंट, दुपारी सुरू होणारी शिफ्ट, रात्री उशिराची कॅब. नव्यांना कामात रुळवायची जबाबदारी माझ्याकडे असते आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. ताण अशा शब्दांत सांगा, की पुढे काय करायचं हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. मॅनेजरने काम वाटून द्यावं, क्लायंटने तारीख पुढे ढकलावी, मैत्रिणीने नुसतं ऐकून घ्यावं, अशा तीन वेगळ्या अपेक्षा असतील तर तिघांशी बोलण्याचे शब्दही वेगळे हवेत. त्यासाठी फार मोठा शब्दसाठा लागत नाही. बोलण्याआधी मनातल्या मनात एवढंच वेगळं करून घ्यायचं: कामाचा भार किती, हातात वेळ किती आणि माझी अवस्था काय.

भारापासून सुरुवात करू. ‘आय हॅव मेनी वर्क्स’ हे वाक्य मी वारंवार ऐकते. आपल्याकडे ‘चार कामं पडलीत’ असं अनेकवचन सहज होतं, ते तसंच इंग्रजीत उतरतं. या अर्थाने ‘वर्क’चं अनेकवचन होत नाही. ‘अ लॉट ऑफ वर्क’ म्हणा, आणि मोजून सांगायचं असेल तर ‘थ्री टास्क्स’, ‘टू रिपोर्ट्स’. ‘बिझी इन वर्क’ हे ‘कामात’ या शब्दातल्या ‘त’मुळे येतं. बरोबर रूप ‘बिझी विथ वर्क’. पुढे क्रियापद आलं तर मध्ये काहीच लागत नाही, ‘बिझी टेस्टिंग द बिल्ड’.

एवढं जमलं की जरा रंगीत प्रयोग घ्या. ‘आय हॅव अ लॉट ऑन माय प्लेट’ हा मला सगळ्यांत उपयोगी वाटतो, कारण मॅनेजरसमोरही तो शोभतो आणि त्यात कुरकुर ऐकू येत नाही. ‘आय ॲम स्वॅम्प्ड’ आणि ‘स्नोड अंडर’ हे सहकाऱ्यांसाठी. दोन्हींतून कामाखाली पार गाडले गेल्याचं कळतं, आणि ‘विथ’ लावलं की कशाखाली तेही सांगता येतं, जसं ‘स्वॅम्प्ड विथ टिकेट्स’ (टिकेट म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेली तक्रार किंवा काम). ‘रश्ड ऑफ माय फीट’ हा ब्रिटिशांचा लाडका प्रयोग आहे, पण तो दिवसभर पायांवर असणाऱ्यांच्या तोंडी जास्त खुलतो: वॉर्डातली नर्स, हॉटेलातला वेटर, सणासुदीच्या गर्दीतला दुकानदार. तुमच्यापैकी कोणी नर्सिंगसाठी इंग्लंडला जाणार असेल तर हा नक्की लक्षात ठेवा, ड्यूटीवर तो कानावर पडेल.

वेळेबद्दल फार पसारा नको. ‘टाइट डेडलाइन’, ‘पुश्ड फॉर टाइम’, ‘रनिंग बिहाइंड शेड्यूल’ आणि ‘बॅक-टू-बॅक मीटिंग्ज’ हे चार पहिलं वर्ष सहज निभावून नेतील. ‘हेक्टिक’ मात्र जपून वापरा. दिवस हेक्टिक असतो, आठवडा हेक्टिक असतो, वेळापत्रक हेक्टिक असतं. माणूस हेक्टिक नसतो. ‘आय ॲम हेक्टिक’ नको, ‘इट्स बीन अ हेक्टिक वीक’ म्हणा. वाकडच्या चौकात कॅब अडकली तर ‘आय विल लेट’ असा मेसेज जाता कामा नये. ‘आय ॲम स्टक इन ट्रॅफिक, रनिंग टेन मिनिट्स लेट’ एवढं पुरे. यात कारणही आलं, किती वेळ थांबायचं तेही आलं.

आता ज्या मुद्द्यावर मला खरंच रेंगाळायचंय तो शब्दांचा नाही, काळाचा आहे. शब्दसंग्रहाची पुस्तकं पाठ करणाऱ्यांचं बोलणं नेमकं इथे अडतं. धावपळीचं वर्णन करताना आपण सारखं ‘कधीपासून’ सांगत असतो: सकाळपासून राबतोय, महिनाभर माणसं कमी आहेत, सोमवारपासून झोप नाही. मराठीत हे वर्तमानकाळात बसतं, म्हणून ‘आय ॲम वर्किंग सिन्स मॉर्निंग’ असं वाक्य तयार होतं. इंग्रजीला इथे ‘हॅव बीन’ लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग सिन्स धिस मॉर्निंग’. ‘सिन्स’नंतर सुरुवातीची वेळ येते, ‘फॉर’नंतर कालावधी येतो. ‘सिन्स नाइन’, पण ‘फॉर फाइव्ह अवर्स’. ‘सिन्स फाइव्ह अवर्स’ कानाला कितीही ओळखीचं वाटलं तरी ते चूक आहे.

हा काळ हाती आला की बोलण्यात आपोआप वजन येतं, कारण गोष्ट आजची नाही, कधीची चालू आहे, हे त्यातून कळतं. ‘वी आर शॉर्ट-स्टाफ्ड’ म्हटलं तर क्लायंटला वाटेल, आज कोणीतरी रजेवर असेल. ‘वी हॅव बीन शॉर्ट-स्टाफ्ड फॉर अ मंथ’ म्हटलं की त्याला दुखणं कळतं. म्हणून नव्या माणसाला मी शब्दांची यादी देत नाही. ‘आय हॅव बीन’ने सुरू होणारी, स्वतःच्या चालू आठवड्यातली खरीखुरी वाक्यं लिहून आणायला सांगते. कोणी लिहितं ‘आय हॅव बीन कव्हरिंग फॉर अ कलीग सिन्स मंडे’, कोणी ‘आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल’. खरी वाक्यं वेळेला तोंडात येतात, पुस्तकातली येत नाहीत.

अवस्था सांगताना शब्दाच्या शेपटाकडे लक्ष द्या. ‘आय ॲम स्ट्रेसफुल’ म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्यांना ताण येतो. तुम्हाला ताण आला असेल तर तुम्ही ‘स्ट्रेस्ड’. ज्याने तो आणला ते काम ‘स्ट्रेसफुल’. दिवस ‘टायरिंग’, माणूस ‘टायर्ड’. प्रवास ‘एक्झॉस्टिंग’, प्रवासी ‘एक्झॉस्टेड’. या जोड्यांमधला माझ्या मते नव्यांसाठी सगळ्यांत नेमका शब्द ‘ओव्हरव्हेल्म्ड’. चहूबाजूंनी इतकं अंगावर आलंय की सुरुवात कुठून करू ते सुचत नाही, ही नव्या नोकरीतल्या पहिल्या महिन्याची अवस्था तो बरोबर पकडतो. चांगला मॅनेजर तो ऐकला की तुमच्याशेजारी बसून कामांचा क्रम लावून देतो, म्हणून तो उच्चारायला कचरू नका. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ यांची गल्लत मात्र महागात पडते. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे खूप मेहनत करतो; ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे जवळजवळ काम करतच नाही. तसंच ‘टू बिझी’. आपण ‘खूप’ या अर्थाने ‘टू’ वापरतो, पण त्यात ‘म्हणून जमणार नाही’ हा नकार दडलेला असतो. ‘आय ॲम टू बिझी’ ऐकून समोरचा निमूटपणे दुसऱ्याकडे जाईल. नुसतं खूप काम आहे, पण तुमच्यासाठी वेळ काढतो, असं म्हणायचं असेल तर ‘रिअली बिझी’ म्हणा.

ब्रिटिशांशी बोलताना आणखी एक कान तयार करावा लागतो. ती मंडळी ताण कमी करून सांगतात. ‘आय ॲम अ बिट स्ट्रेच्ड धिस वीक’ असं कोणी म्हणालं तर ‘अ बिट’वर जाऊ नका, बहुधा त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. ‘आय कुड डू विथ अ हँड’ म्हणजे मदतीला या, आणि लवकर या. आपण उलट बोलतो, थोडं काम वाढलं तरी ‘मेलो, संपलो’ म्हणतो, आणि घरच्या माणसांत त्याचं काही बिघडत नाही. क्लायंटच्या कॉलवर तसा जोर लावला की पहिल्यांदा तो घाबरतो आणि नंतर लक्ष देणं सोडतो.

मॅनेजरकडे जाल तेव्हा भार, वेळ आणि विनंती एकाच दमात मांडा. ‘आय हॅव थ्री टिकेट्स ड्यू टुडे. आय कॅन फिनिश टू. विच वन शुड आय मूव्ह टु टुमॉरो?’ तीनच वाक्यं, एकही अवघड शब्द नाही, आणि निर्णय त्यांच्या हातात. ‘आय ॲम अंडर प्रेशर’ असं म्हणून तिथेच थांबलात तर सहानुभूती मिळेल, तिकीट मात्र तुमच्याच नावावर राहील.

परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांना हा विषय हमखास लागतो, कारण तिथले प्रश्न काम, अभ्यास आणि दिनक्रम यांच्याभोवतीच फिरतात. तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. दुसऱ्या भागात एक विषय देतात, तयारीला 1 मिनिट मिळतं आणि मग 1 ते 2 मिनिटं बोलायचं असतं. आयुष्यातल्या धकाधकीच्या काळाबद्दल बोला, असा विषय आला तर पाठ केलेले वाक्प्रचार ओतायचा मोह होतो. शब्दसंपत्ती हा गुणांच्या चार निकषांपैकी फक्त एक आहे. ओघ, व्याकरण आणि उच्चार हे बाकीचे तीन, आणि चौघांना सारखंच वजन. शिवाय 7 बँड या गुणपातळीच्या वर्णनात कमी वापरातले आणि वाक्प्रचाराचे शब्द ‘काही’ प्रमाणात असावेत एवढीच अपेक्षा आहे, आणि त्यात काही निवडी चुकल्या तरी चालतं. म्हणून दोनच प्रयोग घ्या, पण आपल्या जगण्यावर बेतलेले. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी दुकानात काम केलेल्या मुलाला ‘आय वॉज जगलिंग कॉलेज अँड अ जॉब’ हे वाक्य शोभतं, आणि त्याच्याकडे पुढे सांगायला खरी गोष्टही असते. गणपतीच्या दिवसांत मंडळाचा हिशोब सांभाळत परीक्षा दिलेल्या मुलीलाही हेच वाक्य चालेल. नोकरीच्या मुलाखतीत ‘हाउ डू यू हँडल प्रेशर?’ विचारतात तेव्हाही हीच गोष्ट कामाला येते. ‘आय लव्ह प्रेशर’ म्हणू नका. त्यावर पुढचा प्रश्न आला की सांगण्यासारखं काही उरत नाही.

‘बर्नआउट’ आणि ‘डिप्रेस्ड’ या दोन शब्दांबद्दल मी जरा कडक आहे. ‘बर्नआउट’ कामाच्या थकव्यासाठी रूढ झाला तो न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या 1974 मधल्या लेखापासून. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. दीर्घकाळचा, नीट न हाताळला गेलेला कामाचा ताण, त्यातून येणारा शक्तिपात, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि हातून काही होत नाही ही भावना, हे सगळं त्यात येतं. तिथे त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलंय. एका वाईट आठवड्यासाठी हा शब्द खर्ची घालू नका. त्यासाठी ‘वॉर्न आउट’ आहे. ‘डिप्रेस्ड’ तर आजाराशी जोडलेला शब्द आहे. नुसता मूड गेला असेल तर ‘आय ॲम फीलिंग लो’ म्हणा.

आणि खरंच तशी अवस्था असेल, झोप उडाली असेल, सगळं नकोसं झालं असेल, तर इंग्रजी शब्द शोधत बसू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, कॉल मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. अशा वेळी आपल्या भाषेत बोलणंच बरं.

विश्रांतीचे शब्दही या विषयाचाच भाग आहेत, आणि शिकताना नेमके तेच राहून जातात. संध्याकाळी ‘हाउ डू यू अनवाइंड?’ असं विचारलं तर ‘आय टेक रेस्ट’वर थांबू नका. कामाचा विचार डोक्यातून काढणं म्हणजे ‘स्विच ऑफ’, राहिलेली झोप भरून काढणं म्हणजे ‘कॅच अप ऑन स्लीप’, कामात जरा दम खाणं म्हणजे ‘टेक अ ब्रेदर’. नवा शब्द मिळाला की ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या शिकाऊंसाठीच्या शब्दकोशात उघडून बघा; दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत आणि उच्चार ऐकताही येतो. अर्थ वाचून कोश मिटू नका. खालची उदाहरणं वाचा, शब्दाच्या आधी आणि नंतर काय आलंय ते पाहा. ‘वर्कलोड’सोबत ‘हेवी’ येतं, ‘डेडलाइन’सोबत ‘मीट’ आणि ‘मिस’ येतात, ‘प्रेशर’च्या आधी ‘अंडर’ येतं. वहीत तो शब्द त्याच्या या सोबत्यांसकट उतरवा आणि खाली आजच्या दिवसातलं स्वतःचं एक वाक्य लिहा.