सेंटर चॅनेल: सराउंड मिक्समधल्या या चुका टाळा

स्टुडिओत ७.१.४ वर, म्हणजे भोवती सात, एक बासचा आणि वर चार अशा स्पीकरवर, मिक्स छान लागलेला असतो. गायकाचा आवाज समोर ठाम उभा, वाद्यं भोवती पसरलेली. तोच मिक्स स्टिरिओत उतरवला की आवाज वाद्यांच्या पुढे उडी मारतो. हेडफोनवर ऐकला की तो कपाळाच्या आत जाऊन बसतो. आणि स्पीकरसमोर खुर्ची हातभर डावीकडे सरकवली की गायकही सोबत डावीकडे येतो. या तीन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण शोधायला गेलं की बहुतेक वेळा बोट एकाच ठिकाणी येऊन थांबतं. सेंटर चॅनेलमध्ये, म्हणजे समोरच्या मधल्या स्पीकरला, काय पाठवायचं आणि किती, हे कुणी ठरवलेलंच नसतं. पॅनरने, म्हणजे आवाज कुठल्या स्पीकरला किती जाईल ते ठरवणाऱ्या साधनाने, जे केलं तेच राहिलेलं असतं.

फँटम सेंटरला सेंटर समजणं

आपण जवळपास सगळे स्टिरिओतून आलोय. तिथे मधोमध स्पीकर नसतोच. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून सारखाच आवाज आला की मेंदू तो मध्यभागी आहे असं मानतो. हाच फँटम सेंटर. पण त्या वेळी प्रत्येक कानावर दोन आवाज पोहोचत असतात: जवळच्या स्पीकरचा आधी, लांबच्याचा साधारण पाव मिलिसेकंद उशिरा. या उशिरामुळे २ किलोहर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो, म्हणजे तेवढ्या पट्ट्यातला आवाज दबतो. वर्षानुवर्षं आपण त्या खड्ड्यासकट व्होकल (गायकाचा आवाज) ऐकलाय आणि नकळत तो भरून काढण्यासाठी ईक्यू लावत, म्हणजे तो पट्टा उचलत आलोय.

आता तोच व्होकल, त्याच ईक्यूसकट, खऱ्या सेंटर स्पीकरवर नेला की काय होतं? दोन्ही कानांना एकाच ठिकाणचा एकच आवाज मिळतो, खड्डा नाहीसा होतो आणि ईक्यूने दिलेली चढण तेवढी उरते. आवाज कडक, बोचरा आणि अरुंद वाटतो. मग माणूस म्हणतो, ‘सेंटरमध्ये व्होकल चांगला लागत नाही,’ आणि तो परत डाव्या-उजव्यात टाकतो. इथे दोष सेंटरचा नसतो. स्टिरिओ मिक्सचे स्टेम (व्होकल, वाद्यं असे वेगवेगळे काढलेले गट) हाती आले असतील, तर व्होकल सेंटरला नेल्यावर सर्वांत आधी २ ते ४ किलोहर्ट्झमधला बूस्ट काढून ऐका. माझ्या हातून कितीतरी वेळा एवढ्यानेच काम झालंय.

पीककडेही, म्हणजे सिग्नलच्या सर्वांत वरच्या पातळीकडेही, लक्ष ठेवा. फँटममध्ये दोन चॅनेलनी मिळून उचललेला आवाज आता एकटा चॅनेल उचलतो, म्हणजे तिथली पातळी ३ डीबीने वाढते. मागे पीक दाबणारा लिमिटर असेल तर तो जास्त दाबायला लागतो आणि कडकपणात आणखी भर पडते.

एकच आवाज तिन्ही समोरच्या स्पीकरना सारखा वाटणं

ही चूक सर्वांत जास्त दिसते, आणि ती मुद्दाम केलेली नसते. पॅनरमध्ये डायव्हर्जन्स किंवा सेंटर पर्सेंट नावाचा एक नॉब असतो. तो अर्ध्यावर राहिला, किंवा ऑब्जेक्टला (ज्याची जागा स्वतंत्रपणे ठरवता येते अशा आवाजाला) साइझ दिला, की सेंटरचा व्होकल हळूच डाव्या-उजव्यात सांडतो. ऐकायला सुरुवातीला बरं वाटतं, कारण आवाज रुंद होतो. त्याची किंमत नंतर मोजावी लागते.

हिशेब करून बघू. ऊर्जा तिन्हींत सारखी वाटली तर प्रत्येक चॅनेलला मूळ सिग्नलच्या ०.५७७ पट मिळतं. स्टिरिओ डाउनमिक्समध्ये, म्हणजे सराउंड मिक्स दोन चॅनेलमध्ये उतरवताना, सेंटर नेहमीप्रमाणे ३ डीबी खाली आणून दोन्ही बाजूंना मिसळला जातो, म्हणजे ०.४०८. तो आधीच्या ०.५७७ मध्ये थेट मिळतो, कारण सिग्नल तोच आहे. बेरीज होते ०.९८५. फक्त सेंटरमध्ये ठेवलेला किंवा फक्त फँटम ठेवलेला व्होकल डाउनमिक्समध्ये ०.७०७ ला उतरला असता. फरक जवळजवळ ३ डीबीचा. सराउंडमध्ये बारकाईने तोललेला आवाज स्टिरिओत वाद्यांवर चढून बसतो तो यामुळे.

‘मग बाजूला थोडंसंच ठेवू’ हा नेहमीचा उपाय. तोही पुरेसा नाही. सेंटरच्या मानाने डाव्या-उजव्यात व्होकल १० डीबी खाली ठेवला, तरी ऊर्जेच्या हिशेबाने डाउनमिक्समध्ये तो सुमारे अडीच डीबीने वर येतो. एकसारखे सिग्नल एकमेकांत मिसळताना थोडक्यावर भागत नाही.

एका गाण्यात मी असंच तिन्हींत वाटून ठेवलं होतं. स्टुडिओत सगळ्यांना आवडलं, आणि स्टिरिओत ऐकल्यावर ज्याचं गाणं होतं त्याने पहिलं वाक्य विचारलं ते हे: ‘वाद्यं कुठे गेली?’ त्यानंतर एक सवय लावून घेतली. आवाज रुंद हवा असेल तर बाजूला त्याच सिग्नलची प्रत जात नाही, वेगळं काहीतरी जातं. मुख्य गायन सेंटरमध्ये. डबल टेक, हार्मनी, छोटा स्टिरिओ रिव्हर्ब डाव्या-उजव्यात. डबल टेक म्हणजे पुन्हा गायलेला आवाज. तो मूळ सिग्नलशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून डाउनमिक्समध्ये उसळी मारत नाही आणि कोम्ब फिल्टरिंगही (थोड्या उशिराने आलेल्या प्रतीमुळे पडणारे खड्डे) करत नाही. रुंदी मात्र खरी मिळते.

स्पीकर एका सरळ रेषेत लावणं

काही वेळा मिक्समध्ये चूक नसते, खोलीत असते. टेबलाच्या कडेला तिन्ही स्पीकर एका ओळीत लावले की दिसायला नीटनेटके दिसतात, पण कानापासूनचं अंतर सारखं राहत नाही. डावा-उजवा ३० अंशांवर आणि २ मीटरवर असतील, तर त्याच रेषेतला सेंटर १.७३ मीटरवर येतो. २७ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे साधारण ०.७८ मिलिसेकंद. सेंटरचा आवाज आधी पोहोचतो. आणि तिन्हींमध्ये एकच सिग्नल असेल तर ६४० हर्ट्झच्या आसपास, नेमका गळ्याच्या भरीवपणात, खड्डा पडतो.

उपाय दोन. सेंटर मागे सरकवून तिन्ही स्पीकर एका वर्तुळाच्या कडेवर आणा, आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस.७७५ शिफारशीतली मांडणी तशीच आहे. जागा नसेल तर मॉनिटर कंट्रोलरमध्ये सेंटरला तेवढा डिले द्या. तिन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे असावेत हेही आलंच. स्क्रीनखाली आडवा ठेवलेला वेगळ्या जातीचा सेंटर असेल, तर त्यावर ठरवलेला व्होकलचा पोत दुसऱ्या कुठल्याच खोलीत तसा ऐकू येणार नाही.

भीतीपोटी सेंटर रिकामा ठेवणं

घरांमधले सेंटर स्पीकर भरवशाचे नसतात म्हणून अनेक जण तो वापरतच नाहीत. शंका अगदी खोटी नाही. पण सेंटर मुळात कशासाठी आला ते पाहिलं पाहिजे. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल लॅब्जने फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा वॉशिंग्टनच्या सभागृहात तीन स्वतंत्र वाहिन्यांवरून ऐकवला होता: डावी, मधली, उजवी. मोठ्या सभागृहात कडेला बसलेल्या माणसाला फँटम सेंटर मिळत नाही, त्याचा आवाज जवळच्या स्पीकरकडे घसरतो. मधला स्पीकर असेल तर गायक मध्येच राहतो. सोफ्यावर तिघे बसले असतील तर आजही दोघे कडेलाच असतात. त्यांना गाणं मध्यभागी ऐकू यावं असं वाटत असेल तर मुख्य आवाजाला सेंटरचा आधार द्या. एका माणसाने नेमक्या जागी बसून ऐकायचा मिक्स असेल, तर मोठा, लोंबणारा, स्वप्नवत व्होकल फँटममध्येच जास्त खुलतो, आणि तिथे मी सेंटर खुशाल मोकळा ठेवतो. फक्त तो विचार करून मोकळा ठेवलेला असावा.

व्होकल एकटा, कोरडा, उघडा

उत्साहाच्या भरात दुसरं टोक गाठलं जातं. संपूर्ण व्होकल सेंटरमध्ये आणि त्याचा सगळा रिव्हर्ब बाकीच्या स्पीकरमध्ये. मग गायक एका खोलीत आणि गाणं दुसऱ्या खोलीत असं वाटायला लागतं. शिवाय सेंटर सोलो केला की गायकाचा प्रत्येक श्वास, ट्यूनिंगची प्रत्येक खूण उघडी पडते, आणि ऐकणाऱ्याच्या घरीही ते सोलो करता येतं. गायकाला याचा त्रास होतो. तो ऐकून घ्यायला हवा.

यावर मी दोन गोष्टी करतो. एक, सेंटरमध्येही थोड्या लवकरच्या परावर्तनांची, म्हणजे अगदी छोट्या रूम रिव्हर्बची जोड देतो. दोन, व्होकलबरोबर एखादं लयीचं किंवा सुराचं वाद्य सेंटरमध्ये अंशतः आणतो, म्हणजे तिथे व्होकलची एकट्याची पेटी तयार होत नाही. लांब रिव्हर्ब मागे आणि वर जाऊ दे, पण त्याचे चॅनेल एकमेकांपासून वेगळे असू देत. एकच मोनो रिव्हर्ब सगळीकडे पाठवला तर तो पुन्हा सेंटरकडेच गोळा होतो.

बास आणि किकबद्दल थोडक्यात. दोन्ही फक्त सेंटरमध्ये कोंबले तर एका स्पीकरवर सगळा भार येतो, आणि घरच्या लहान सेंटरची तेवढी ताकद नसते. तिन्हींत सारखे वाटले तर खालच्या फ्रिक्वेन्सी खोलीत जोरात एकत्र होतात, वरच्या तेवढ्या होत नाहीत, म्हणून किक जड आणि मंद होतो. मी ते डाव्या-उजव्यातच ठेवतो, किकच्या फटक्याचा वरचा भाग सेंटरमध्ये थोडासा. एलएफई (खोल इफेक्टसाठीचा वेगळा चॅनेल) हा बास ठेवायची जागा नव्हे, कारण बऱ्याच डाउनमिक्समध्ये तो गळून पडतो.

हेडफोन शेवटी तपासणं

बहुसंख्य ऐकणारे हेडफोनवर आहेत, आणि सेंटरची खरी परीक्षा तिथेच होते. अगदी समोरून येणारा आवाज दोन्ही कानांना जवळजवळ सारखाच पोहोचतो, त्यामुळे तो समोर आहे की डोक्यात, हे ओळखायला मेंदूला फारसं काही हाती लागत नाही. म्हणून व्हर्च्युअल, म्हणजे हेडफोनवर भासवलेला, सेंटर पोकळ किंवा नाकातला वाटू शकतो. डॉल्बीच्या रेंडररमध्ये, म्हणजे मिक्सला स्पीकर किंवा हेडफोनसाठी रूप देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक बेड चॅनेल (ठरलेल्या स्पीकरला बांधलेला) आणि ऑब्जेक्टला हेडफोनवर किती लांब भासवायचं यासाठी ऑफ, निअर, मिड, फार असे पर्याय असतात. मुख्य व्होकलला आधी निअर आणि ऑफ लावून पहा. फारमध्ये तो बहुधा खोलीत हरवतो. व्होकल बेडच्या सेंटरऐवजी ऑब्जेक्ट म्हणून ठेवला तर ही सेटिंग त्याच्यापुरती ठेवता येते.

पण ॲपल म्युझिक स्वतःचा रेंडरर वापरतं आणि तिथे ही सेटिंग्ज पाळली जात नाहीत. म्हणून निअर-ऑफच्या जोरावर सोडवलेली अडचण तिथे पुन्हा उगवते. दोन्हीकडे ऐका, आणि दोन्हीकडे चालेल असं सेंटर आणि बाजू यांचं प्रमाण मिक्समध्येच शोधा.

तपासणीचा माझा क्रम असा. गाण्याच्या सर्वांत भरलेल्या भागात सेंटर म्यूट करतो. गाणं अर्धं कोसळलं, तर त्यात फार टाकलंय. काहीच बदललं नाही, तर तो नुसता प्रत वाजवतोय. मग उलट, सेंटर सोलो. मग खुर्ची सोडून खोलीच्या कडेला उभा राहतो आणि गायक कुठे आहे ते ऐकतो. त्यानंतर स्टिरिओ डाउनमिक्स, आणि तिथे व्होकल वर आला तर फेडरला हात लावण्याआधी पॅनर उघडून डायव्हर्जन्स आणि साइझ बघतो.