बौद्ध चित्रपट महोत्सवासाठी स्वयंसेवक होताना

बौद्ध चित्रपट महोत्सवाच्या आयोजकांना भेटताना ‘मी कोणतेही काम करीन’ असे सांगू नये, कारण असे सांगणाऱ्याला नेमके कुठे नेमावे हे त्यांना कळत नाही. त्याऐवजी आपण आठवड्याला किती तास देऊ शकतो, कोणत्या भाषा वाचता येतात आणि प्रक्षेपण, उपशीर्षके, हिशेब किंवा पाहुण्यांची ने-आण यांपैकी कशाचा अनुभव आहे, हे लिहून द्यावे. महोत्सवाच्या दिवशी दारावर उभे राहायला पुष्कळ जण मिळतात; माणसांची खरी चणचण त्याआधीच्या काही महिन्यांत असते.

पहिले काम निवडीचे. बौद्ध चित्रपट कशाला म्हणायचे, हा वाद प्रत्येक निवड समितीत होतो आणि तो व्हावाही. 1925 सालचा ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट गौतमाच्या चरित्रावरच आहे, त्यामुळे त्याबद्दल शंका नाही; परंतु 1999 सालच्या ‘द कप’मध्ये मठातील मुले फुटबॉलचा विश्वचषक पाहण्यासाठी धडपडतात, आणि त्याचे दिग्दर्शक ख्येन्त्से नोर्बू हे स्वतः लामा आहेत. पूर्वपरीक्षण करणाऱ्याने केवळ आवडनिवड न नोंदवता चित्रपटात बौद्ध धर्मातील थेरवाद, महायान की वज्रयान परंपरा दिसते, कालावधी किती आहे आणि उपशीर्षके कोणत्या भाषेत आहेत, हेही लिहावे. उपशीर्षके तपासताना एका मोहापासून दूर राहावे : सगळीकडे एकच शब्द हवा म्हणून पाली परंपरेतील ‘निब्बान’चे ‘निर्वाण’ करू नये. ज्या परंपरेचा चित्रपट, तिचाच शब्द ठेवावा.

प्रदर्शनाचे हक्क हे कंटाळवाणे पण टाळता न येणारे प्रकरण आहे. घरी पाहण्यासाठी विकत घेतलेली डीव्हीडी किंवा ऑनलाइन सदस्यत्व यांमुळे चित्रपट सार्वजनिक ठिकाणी दाखवण्याचा अधिकार मिळत नाही. प्रवेश विनामूल्य असला तरी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. या पत्रव्यवहारात अनेक आठवडे जातात, म्हणून तो एकाच व्यक्तीकडे असावा.

चित्रपटगृहासाठी चित्रपट बहुधा डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) या स्वरूपात येतो. तो कूटबद्ध असेल तर तो उघडणारी केडीएम नावाची डिजिटल किल्ली लागते. ही किल्ली विशिष्ट सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते, त्यामुळे आयत्या वेळी चित्रपट दुसऱ्या पडद्यावर (म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर) हलवला तर नवी किल्ली मागवावी लागते. तिच्यावरील वेळ कोणत्या कालविभागातील आहे, हे दोनदा पाहावे. भरलेल्या सभागृहासमोर काळा पडदा राहण्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते. आदल्या दिवशी चित्रपटाचा आरंभ, मधला एखादा संवाद आणि शेवट लावून आवाज, चौकट व उपशीर्षकांचा मेळ तपासावा.

या महोत्सवाचे वेगळेपण मात्र भिक्खूंच्या निमंत्रणात दिसते. थेरवादी भिक्खू मध्यान्हानंतर भोजन घेत नाहीत, म्हणून दुपारी एक वाजता ठेवलेले स्वागत-भोजन हा आतिथ्याचा देखावाच ठरतो. विनय म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांप्रमाणे त्यांना पैसे स्वीकारता येत नाहीत. मानधनाचे पाकीट हातात देण्याऐवजी दानाची व्यवस्था विहाराच्या सेवकाशी बोलून करावी. महायान व वज्रयान परंपरांतील रिवाज वेगळे असतात, तेव्हा तर्क करण्यापेक्षा विचारून घेणे बरे. शिवाय भिक्खूंच्या आणि उपोसथाला, म्हणजे व्रताच्या दिवशी, अष्टशील (आठ नियम) पाळणाऱ्या उपासकांच्या शिक्षापदांत (आचरणाच्या नियमांत) नृत्य, गीत, वाद्य आणि खेळ-तमाशे पाहण्यापासून विरती, म्हणजे दूर राहणे, आहे. त्यामुळे काही भन्ते चित्रपटाला येणार नाहीत. त्यांना आग्रह न करता केवळ चर्चेसाठी निमंत्रित करावे. उद्घाटनासाठी पौर्णिमा निवडण्याचा आयोजकांना मोठा उत्साह असतो, पण पौर्णिमा हाच उपोसथाचा दिवस असल्याने ज्या श्रद्धाळू प्रेक्षकांसाठी ती तारीख धरली, त्यांच्यापैकीच काही जण घरी किंवा विहारात राहतात. स्वयंसेवकाने हे बैठकीत वेळीच सांगावे.

सभागृहात बुद्धाचे चित्र असलेले फलक जमिनीवर, चपलांच्या मांडणीजवळ किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावू नयेत, आणि पायाखाली येतील अशी पत्रकेही वाटू नयेत. चित्रपट संपताच दिवे झगझगीत करण्याची घाई नको. श्रेयनामावली पूर्ण होऊ द्यावी, मग थोडी शांतता आणि त्यानंतर चर्चा. ध्वनिक्षेपक फिरवणाऱ्याने प्रश्नाच्या नावाखाली प्रवचन सुरू झाले की नम्रपणे पुढच्या माणसाकडे वळावे. हे काम संकोची स्वभावाच्या स्वयंसेवकाला देऊ नये.

शेवटच्या खेळानंतर हार्ड डिस्क ज्याच्या त्याला परत पाठवाव्यात, सर्व्हरवरील प्रती पुसल्याची खात्री करावी आणि करारात मागितली असल्यास प्रेक्षकसंख्या हक्कधारकांना कळवावी. बुद्धप्रतिमा असलेले फलक कचऱ्यात न टाकता नीट गुंडाळून ठेवावेत. एखाद्या विहाराला ते हवे असतील तर तिथे पोहोचवावेत.